आईला कुठं ठेवायचं?

आमच्या वस्तीत 'ठेवलं' असं कुणी म्हणत नाही. 'टाकलं' म्हणतात. "त्यानं आईला आश्रमात टाकलं." कचरा टाकतात तसं. माझ्या आईनं तर जन्मभर लोकांनी टाकलेलंच उचललं. त्यामुळं हा शब्द पहिल्यांदा कानावर आला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बोलणारा परका नव्हता. विहारात माझ्या शेजारी बसून त्रिशरण-पंचशील म्हणणारा, मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून चाललेला चाळीस वर्षांचा सोबती होता. तो म्हणला, "तू रं भाषणं कसली ठोकतोस? स्वतःची आई सांभाळता येईना तुला." मी गप्प राहिलो. उत्तर नव्हतं असं नाही. उत्तरं फार होती, आणि त्यातलं खरं कोणतं ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो. पोरांनो, तुम्ही विशी-पंचविशीत आहात, तुमचे आईबाप अजून धडधाकट आहेत. पण हा प्रश्न तुमच्याही दारात येणार आहे. तो आला की भाषणातली वाक्यं कामाला येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी आई कोण ते सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. धम्मदीक्षेच्या साली, १९५६ ला, ती चौदा वर्षांची होती. नागपूरला गेली नव्हती, पण गावातल्या बायांबरोबर घरातले देव टोपलीत भरून ओढ्याला सोडायला गेली होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. खडी फोडूनही पोट भरेना तेव्हा बापाबरोबर मुंबईला आली, मी दहा वर्षांचा होतो. बाप लवकर गेला. आईला एका मोठ्या इस्पितळात सफाईचं काम लागलं. वॉर्ड झाडणं, पुसणं, पेशंटची भांडी उचलणं, धुणं, मेलेल्या माणसाच्या खाटेवरची चादर काढणं. अठ्ठावीस वर्षं केलं. हाताला फिनेलचा वास असायचा. भाकरीलाही यायचा, आम्हाला त्याची सवय झाली होती.

ती रिटायर व्हायला आली तेव्हा मुकादम म्हणला, वारस हक्कानं पोराला चिकटव. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, हे तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा बारक्या पगारावर धडपडत होतो. आई म्हणली, "माझा खराटा माझ्यासंगं जाईल. पोराच्या हातात न्हाय देणार." नामांतराच्या लढ्यात मी आठ दिवस आत होतो तेव्हा तुरुंगाच्या दाराशी रोज डबा घेऊन उभी राहणारी बाई हीच. मला 'बाबासाहेब' हा शब्द पुस्तकानं शिकवला नाही, हिनं शिकवला.

तर ही आई दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही नीट उभा राहिला नाही. आमची खोली झोपडपट्टी पुनर्वसनाची, सव्वादोनशे चौरस फूट, सातवा मजला, लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद. संडासाचं दार इतकं अरुंद की धरून न्यायला दोन माणसं लागली तर तिघं मिळून आत मावत नाहीत. आई खाटेवर. खाटेखाली आम्ही दोघं. सूनबाई, म्हणजे माझी बायको, बालवाडीत शिकवून येणार, गुडघे धरून सात मजले चढणार आणि आल्याआल्या आईचं अंथरूण बदलणार.

आणि मी? मी सेवा करत होतो! औषधं आणत होतो. डॉक्टरांशी बोलत होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आईची हकीकत सांगत होतो. 'आई माझं दैवत आहे' असं म्हणत नव्हतो, कारण आपण देव सोडलेत. पण थाट तोच होता.

सात महिन्यांनी एका रात्री बायको म्हणली, "अहो, तुम्ही आईची सेवा करताय असं सगळी वस्ती म्हणते. ऐकून बरं वाटतं तुम्हाला. पण या सात महिन्यांत त्यांचं एकदा तरी धुतलंत का तुम्ही?"

मी म्हणलं, "मी पुरुष माणूस. आईलाच लाज वाटेल."

ती म्हणली, "आईला वाटेल, का तुम्हाला?"

दोस्तांनो, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. दर वर्षी त्या दिवशी मी भाषण देतो. त्या रात्री मला समजलं की ती पोथी माझ्या सव्वादोनशे फुटांत शाबूत आहे. घाण काढणारी जात बाहेर, आणि घरात घाण काढणारी बाई. दोन्हीकडं नियम एकच, की हे काम त्यांचं, आणि नाव आमचं.

आता 'आईबापाची सेवा' ही कल्पना जरा उलटीसुलटी करून बघू. आपल्याला लहानपणापासून दोन नमुने दाखवले. एक श्रावणबाळ, आंधळ्या आईबापाला कावडीत घालून तीर्थाला नेणारा. दुसरा पुंडलिक, आईबापाची सेवा चाललीय म्हणून विठ्ठलाला विटेवर उभा करणारा. या दोन्ही गोष्टींत घाण कुठंच नाही. चादर बदलावी लागत नाही. भांडं उचलावं लागत नाही. सेवा म्हणजे खांद्यावर कावड, चेहऱ्यावर भक्ती. सरकारनंही तेच नाव उचललं. निराधार म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या राज्याच्या पेन्शनीचं नाव 'श्रावणबाळ योजना', महिन्याला दीड हजार रुपये. दीड हजारात मोठ्या माणसाची लंगोटं, म्हणजे ती डायपरं, महिनाभर पुरत नाहीत. पण श्रावणबाळाचं नाव दिलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

कायदाही बघा. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात मुलांनी आईबापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, नाहीतर दोन्ही. चांगलं आहे. पोटगी मागता येते, महिन्याला दहा हजारांपर्यंत. तेही चांगलं. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात असंही आहे की राज्य सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, निदान दीडशे निराधार म्हाताऱ्यांची सोय होईल असा. पण तिथं शब्द कसा आहे? मुलानं केलं 'पाहिजे', सरकार करू 'शकेल'. मुलाला तुरुंग आणि सरकारला सवड. ज्याचं घर सव्वादोनशे फूट त्याच्यावर पूर्ण जबाबदारी, ज्याच्या ताब्यात अख्ख्या जिल्ह्याची जमीन त्याच्यावर काहीच नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. कामगार बाईच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकटीवर टाकू नये, त्यातला मोठा वाटा सरकारनं उचलावा, कारण त्यात साऱ्या समाजाचं हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. मी हेच म्हातारपणाला लावतो. माणूस जन्मताना समाजाचा, मग मरताना एकट्या सुनेचा कसा?

तरी एक प्रश्न उरतोच. सरकारनं करावं हे खरं, पण मी काय करावं? याचं उत्तर मला विनयपिटकातल्या एका गोष्टीत मिळालं. ती तुम्ही ऐकलेली असेल, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही घेतली आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कुणी बघत नव्हतं, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. बुद्ध आनंदाला घेऊन गेले. पाणी आणलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर घातलं. मग भिक्खूंना जमवून सांगितलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी.

या गोष्टीवर मी निदान वीस भाषणं दिली असतील. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत हे उशिरा कळलं. एक, म्हाताऱ्या-आजाऱ्याचं करणं हे रक्ताच्या नात्याचं काम नाही, संघाचं आहे. म्हणजे आई घराबाहेर राहिली, चार माणसांनी मिळून तिचं केलं, तर त्यात अधर्म नाही. दुसरी गोष्ट, पाणी बुद्धांनी स्वतः ओतलं. 'जा, कुणाला तरी बोलव' असं म्हणले नाहीत. म्हणजे संघावर सोपवलं की आपले हात मोकळे, असंही नाही.

पहिली गोष्ट धरून मी वृद्धाश्रम शोधला. दुसरी विसरलो. माझी चूक इथून सुरू होते.

आश्रम शहराबाहेर, बरा. तळमजला, रुंद दारं, अंगणात लिंबाचं झाड. पैसे आईच्याच पेन्शनीतून आणि थोडे माझे. मालक बोलायला गोड. फक्त दोन गोष्टी सांगितल्या, की जेवण शुद्ध शाकाहारी, आणि संध्याकाळी सातला आरती, सगळे बसतात. मी मान हलवली. बाहेर आल्यावर बायको म्हणली, "आई आरतीला बसणार?" मी म्हणलं, "बघू."

आईला काय सांगितलं? "आई, चार दिवस जाऊ. हवापालट." हे खोटं होतं. पंचशीलातलं चौथं शील रोज म्हणणारा मी त्र्याऐंशी वर्षांच्या आईशी खोटं बोललो, आणि स्वतःला सांगितलं की तिच्या भल्यासाठी बोललो. पोरांनो, हे 'भल्यासाठी' फार वाईट. आपल्या भल्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला पाणवठ्यापासून लांब ठेवलं होतं, असं सांगणारेही होतेच की.

निघायच्या दिवशी तिनं पत्र्याची पेटी भरायला लावली. दोन लुगडी, गोधडी, मशेरीची डबी, पितळी तांब्या, आणि बाबासाहेबांचा फोटो. इस्पितळातल्या पहिल्या पगारातून घेतलेला, काच एका कोपऱ्याला तडकलेली. आश्रमात खोलीत दोन खाटा. दुसऱ्या खाटेवर एक रिटायर झालेल्या बाई. त्यांच्या उशाशी देवांची रांग. आईनं पेटी उघडली, फोटो काढला, भिंतीवरचा खिळा बघितला आणि माझ्या हातात दिला.

मी तो परत पेटीत ठेवला. म्हणलं, "आई, आत्ताच नको. आधी रूळ. लोकांची ओळख होऊ दे. आरतीलाही नुसती बस, मनात त्रिशरण म्हण."

ती माझ्याकडं बघत राहिली. बोलली काहीच नाही. मला ती नजर ओळखीची वाटली. मग आठवलं. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी मला दाराशी बसवलं होतं आणि मी घरी येऊन सांगितलं होतं, "आई, मी बसलो दाराशी. भांडण कशाला?" तेव्हा तिनं असंच बघितलं होतं.

मला भीती कशाची वाटली? मला वाटलं, रात्री दोनला तिला तहान लागेल, हाक मारील, आणि हिची जात कळली तर कुणी उठणार नाही. ही भीती खोटी नव्हती. पण तिच्यावर उपाय काय केला? आयुष्यभर दुसऱ्यांना 'लपवू नका' म्हणून सांगितलं आणि आईला लपायला लावलं.

आता तीन आठवडे काय झालं ते ऐका. ती जेवेना. अर्धी पोळी, भाजीला हात नाही. फोनवर 'बरं हाय' एवढंच. पंधरा दिवसांनी ताप आला. डॉक्टर म्हणले, लघवीत संसर्ग आहे, आजी पाणी पीत नाहीत आणि लघवी अडवून धरतात. मी गेलो. रागावलो. म्हणलं, "आई, असं काय करतेस? मावशी आहे ना इथं, तिचं कामच आहे ते."

तेव्हा ती बोलली. "तिचं काम हाय, मला कुणी सांगू नगं. म्या केलंय. ती पोरगी आपलीच हाय. हातात मोजं न्हायती तिच्या. बारा तास उभी असती. मी माझी घाण तिच्या हातात कशी देऊ? माझा खराटा मी तुला दिला न्हाय, तिला देऊ व्हय?"

मी तिला अभिमानी समजत होतो, हट्टी समजत होतो. ती जिचं काम आहे तिच्याकडं बघत होती. मी आश्रम बघायला गेलो तेव्हा खाटा बघितल्या, दारं बघितली, लिंबाचं झाड बघितलं. मावशीच्या हाताकडं बघितलं नाही. पगार किती, सुट्टी कधी, हातमोजे मिळतात का, विचारलं नाही. जो जन्मला त्या हातांवर, त्यालाच ते हात दिसले नाहीत.

मी ऑफिसात गेलो. हातमोज्यांचं विचारलं. मालक म्हणला, "एवढं कोण बघतं हो." मी म्हणलं, "आई बघते." पुढच्या आठवड्यात मोज्यांचा खोका आला. मी भांडलो म्हणून आला की आईनं रोज जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं म्हणून, ते सांगता येत नाही. बहुतेक तिच्यामुळंच. तिनं मावशीला शिकवायलाही सुरुवात केली. माणूस कुशीवर कसा वळवायचा, जुनी चादर गुंडाळत नवी कशी सरकवायची, कमरेवर भार न घेता कसं उचलायचं. अठ्ठावीस वर्षांचं शिक्षण होतं ते, कुणी कधी शिक्षण म्हणलं नव्हतं. मावशीला पटलं. आईनं तिला अंगाला हात लावू दिला. जेवण सुरू झालं.

कुठल्याशा दिवशी मावशीनं लुगडं काढायला पेटी उघडली आणि फोटो बघितला. हळूच म्हणली, "जय भीम, आजी." आईनं त्याच दिवशी तिच्याकडून खिळ्याला फोटो लावून घेतला. मला कुणी विचारलं नाही. मी रविवारी गेलो तेव्हा फोटो भिंतीवर होता, तडकलेली काच पुसून लख्ख.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोष्ट गोड झाली. नाही झाली. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी खोली बदलून मागितली. ऑफिसातून मला फोन, "तुमच्या आईंना वरची चांगली खोली देतो, जास्त उजेड आहे." मी पेटलो. ॲट्रॉसिटीचा कायदा, १९८९ सालचा, तोंडपाठ आहे मला. निघालो भांडायला. आई म्हणली, "थांब. मी हालत न्हाय. मला काय झालंय? जिला तरास हाय ती जाईल." दुसरी खाट रिकामी नव्हती. त्या बाईही राहिल्या. दोघी बोलत नाहीत. मधे पडदा ओढलेला असतो. आरतीला आई बसत नाही, अंगणात बसते. पहिले काही दिवस आरतीनंतरचा चहा तिच्यापर्यंत यायला उशीर व्हायचा, ते मावशीनं मोडून काढलं.

मावशीनं एक गोष्ट सांगितली. त्या बाईंना रात्री उठता येत नाही. तहान लागली की पडद्याआडून हाक मारतात. मावशी लांब असते. आई खाटेवर बसल्या बसल्या आपल्या पितळी तांब्यातलं पाणी पुढं करते. त्या पितात. सकाळी पडदा तसाच. मी आईला विचारलं, "सांगत का नाहीस त्यांना, रात्री माझं पाणी पिता म्हणून?" आई म्हणली, "तान्हेल्याला पाणी दिऊन कुणी बोलून दाखवतं व्हय?" मला महाडचं तळं आठवलं, २० मार्च १९२७. तिथं आपण पाणी घेतलं. इथं माझी आई पाणी देते. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणतात. पण त्या बाई बदलल्या नाहीत, हेही तेवढंच खरं. करुणेनं समोरचा बदलतोच असं नाही. बदलावा म्हणून केलेली ती करुणा नव्हतीच.

तर प्रश्नाकडं येतो. मी आईला आश्रमात नेलं, यात चूक झाली का? माझं आजचं उत्तर, नाही. तिच्या पाठीला आता जखमा नाहीत. बायकोचे गुडघे वाचले. 'घरीच ठेवायला हवं होतं' म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, धुणार कोण? नाव सांग. त्यानं बाईचं नाव सांगितलं तर चर्चा तिथंच संपते.

चूक दुसरी झाली. मी तिच्याशी खोटं बोललो, आणि तिचा स्वाभिमान ठेवायचा की झाकायचा हे तिला न विचारता ठरवलं. म्हातारं माणूस परावलंबी झालं की आपल्याला वाटतं त्याचं सगळंच आपल्या हातात आलं. औषध हातात येतं, पैसा येतो. मन येत नाही. त्र्याऐंशीव्या वर्षी तिनं सत्याग्रह करावा अशी सक्ती कुणी करू नये. तिनं फोटो पेटीतच ठेवला असता, आरतीला बसून दिवस काढले असते, तरी मी तिला नाव ठेवलं नसतं. थकलेल्या माणसाला थकायचा हक्क आहे. पण तो हक्क तिचा. तिच्या वतीनं शरण जाण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

काहीजण म्हणतील, मग आपलेच वेगळे आश्रम काढू. मीही म्हणतो, काढा. पुतळ्यांच्या चौथऱ्याला वर्गणी निघते, कमानीला निघते. विहाराच्या मागं दहा खाटांची खोली, रुंद दाराचा संडास आणि दोन माणसांना धड पगार एवढी वर्गणी का निघू नये? पण एवढ्यावर थांबलात तर म्हातारपणाचा नवा महारवाडा होईल. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली आपण उभे राहिलो ते सार्वजनिक जागा सर्वांची आहे म्हणून. म्हणून कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा, आमच्या जिल्ह्यातला दीडशे जणांचा तो आश्रम कुठं आहे? दाखवा. नसेल तर कधी बांधता? आणि असेल तर तिथं भांडी कोण उचलतं, त्याला मोजे आहेत का, पगार किती, तेही विचारा. संघटनेच्या ठरावांत हा ठराव मी अजून एकदाही ऐकलेला नाही. मीही मांडला नव्हता.

आणि ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना दोन-चार साध्या गोष्टी. खोटं सांगून नेऊ नका. रडारड होईल, होऊ द्या. घरची गोधडी आणि रोजचा तांब्या बरोबर द्या. रात्री अनोळखी जागेत जाग आल्यावर हाताला ओळखीचं काही लागलं पाहिजे. घरी भिंत ज्या हाताला होती त्याच हाताला खाट लावून घ्या. कोणत्या कानानं कमी ऐकू येतं, काय म्हणलेलं आवडतं, ते मावशीला सांगा, ऑफिसला नाही. जायचा वार ठरवा आणि तो मोडू नका. मोर्चा असला तरी. आणि गेल्यावर पाहुण्यासारखं खुर्चीवर बसू नका.

ते शेवटचं मी शिकलो. आता रविवारी आईचं मी करतो. पहिल्या वेळी माझे हात थरथरले. आईनं तोंड भिंतीकडं केलं. बाबासाहेब खिळ्यावर. मी कोमट पाणी ओतलं, मावशीनं दाखवलं तसं पुसलं, चादर सरकवली. कुणी काही बोललं नाही. झाल्यावर आई भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणली, "पाणी जरा ऊन घेत जा." त्रेसष्टाव्या वर्षी मला माझ्या आईचं काम कळलं.

अजून ती रुळलेली नाही. रुळली असं मी लिहिलं तर ते पुन्हा चौथ्या शीलाचं होईल. दर रविवारी निघताना विचारते, "घरला कधी न्यायचं?" पहिल्यांदा मी म्हणायचो, बघू, पाय बरा होऊ दे. आता खरं सांगतो. "आई, घरी न्हाय जमणार. मी येत जाईन." ती थोडा वेळ काही बोलत नाही. लिंबाच्या झाडाकडं बघते. मग म्हणते, "बरं. पुढच्या ऐतवारी सुकटाची चटणी आण. अंगणात बसून खाईन. तिथं कोण काय म्हणतंय."

चटणी बायको करते. पुढच्या ऐतवारी मीच करीन म्हणतो.

जय भीम.